नांगराचा पहिला तास

हैबतरावानं नावेचं सगळं काम घरच्या घरी केलं होतं, एक लोखंडाचं सोडून. फळ्यांच्या फटींत कापसाच्या वाती ठोकून वरून राळ आणि करंजाचं तेल त्यानंच ओतलं. शीड तुळजाबाईनं शिवलं. खाऱ्या वाऱ्यात कापड कुजू नये म्हणून दोघांनी ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढलं, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले आणि किती घासले तरी लालच राहिले. पाणवठ्यावर थोरली जाऊ गोजराबाई तिच्या हातांकडे बघून म्हणाली, "काय गं, कुनाचा मुडदा पाडून आलीस?" बाकीच्या बायका हसल्या. तुळजाबाईनं हंडा भरला आणि ती चालू लागली. या गावात उत्तर दिलं की बोलणं वाढायचं आणि नाही दिलं की माज आलाय म्हणायचे. दोन्हींत तिला माज परवडत असे.

नाव मूळची मुळशीच्या धरणावरची. पाण्याची पातळी बघायला, माणसं पलीकडे सोडायला ती होती आणि हैबतराव तिच्यावर नावाडी होता. पुढे यंत्राची नाव आली, ही जुनी झाली, आणि नोकरी संपताना त्यानं ती मागून घेतली. गावाच्या लेखी हैबतरावाचा गुन्हा हाच. जुनं गाव पाण्याखाली जाऊ नये म्हणून त्याचा थोरला भाऊ भिवाजी सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता. पाणी आलंच. शेतं गेली, देऊळ गेलं, माणसं वर डोंगराच्या उतारावर येऊन राहिली, आणि काही वर्षांनी लोकांनी बघितलं तर भिवाजीचा धाकटा भाऊ मुंबईच्या मचव्यांवरची खलाशाची नोकरी सोडून त्याच पाण्यावर वल्हं मारत होता. गावानं त्याला वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकायचं तर पंचांना बसावं लागतं, कुणाला तरी बोलावं लागतं. इथं त्याच्याकडे नुसतं कुणी बघत नसे. बघितलंच तर दात विचकण्यापुरतं.

आता ते दोघं दाभोळला जाणार होते. तिथल्या खाडीत माणसं या तीरावरून त्या तीरावर नेणारा नावाडी हवा होता. राहायला खोपटं मिळणार होतं, आणि तिथं कुणालाही मुळशी ठाऊक नव्हती. नाव ट्रकवर घालून पौडवरून, खंडाळ्याचा घाट उतरून धरमतरच्या खाडीत सोडायची. तिथं दाभोळचा एक जाणता खलाशी नावेत चढणार होता. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, असं करत खाली. वैशाख सरला की समुद्र फिरतो आणि थेट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. तोवर दाभोळवाले थांबणार नव्हते. या खेपेस राहिलं म्हणजे राहिलंच, हे तुळजाबाईला पक्कं ठाऊक होतं. हैबतरावाचे गुडघे ती रोज बघत होती.

हैबतराव तिला रात्री जेवताना समुद्राबद्दल सांगत असे. खारं पाणी जड असतं, नाव तिथं जवभर वर तरंगते. भरती, ओहोटी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातली एकच गोष्ट मनाशी धरली. दुपार झाली की तिथं वायव्येचा वारा सुटतो आणि लहान नावेला किनाऱ्याच्या खडकांकडे रेटतो. अशा वेळी शीड उतरवायचं, नांगर टाकायचा आणि वारा पडेपर्यंत गुमान थांबायचं. नांगरानं तळ धरला तर नाव राहिली. नाही धरला तर नाही.

म्हणून नांगर हवा होता, आणि भट्टी गावात एकच होती, कुशाबा लोहाराची.

हैबतराव बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव आणि एक जाड कांब घेऊन गेला. तुळजाबाई कोळशाची पाटी घेऊन मागे होती. भट्टीपाशी नेहमीची माणसं बसली होती. भिवाजीही होता, म्हणून तिनं पदर पुढे ओढला आणि ती बाभळीखाली थांबली.

"काय घडवू?" कुशाबानं विचारलं.

"नांगर. चार नखांचा."

"नांगर." कुशाबानं हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. त्याला घाई नव्हती. "आनि शेत कुटं हाय तुमचं, हैबतराव?"

भिवाजीनं चंचीतून मान वर न काढता उत्तर दिलं, "तळाला."

"मग बैलं पोहणारी लागतील," कुशाबा म्हणाला, आणि माणसं पोटभर हसली. हैबतरावही थोडा हसला. तुळजाबाईला ते हसणं गावाच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कुशाबाचा राग मात्र उसना नव्हता. जुन्या गावात काळी जमीन होती, तेव्हा पेरणीआधी त्याच्या बापाच्या दारात फाळांची रास पडायची. वर डोंगराच्या उतारावर राब भाजून नाचणी-वरई पेरतात, तिथं नांगर चालत नाही. कुशाबाच्या वाट्याला कोयते, विळे आणि कुऱ्हाडीची पाती राहिली. गावात नांगर घडवणारा तो शेवटचा माणूस होता आणि नांगर मागणारं कुणी उरलं नव्हतं. आता मागितला तो हैबतरावानं, आणि तोसुद्धा पाण्यात टाकायला.

तरी त्यानं काम घेतलं. आणि तुळजाबाईला वाटलं होतं त्याच्या आधीच नांगर तयार झाला.

हैबतरावानं तो खांद्यावरून आणून अंगणात धुण्याच्या दगडापाशी ठेवला. दिसायला देखणा होता. चार वाकडी नखं, मधे हातभर लांबीचा दांडा, वर दोरासाठी कडं. तुळजाबाईनं तो दोरानं आंब्याच्या फांदीला टांगला आणि एक गोटा उचलून वाजवला. यात तिचं काही विशेष नव्हतं. बाजारात मडकंसुद्धा कुणी वाजवल्याशिवाय घेत नाही. नखं वाजली, दांडा वाजला. पण चार नखं दांड्याला जिथं जुळली होती तिथं गोटा मारला की आवाज जागीच मरत होता. तिनं पुन्हा मारला. मग नांगर खाली घेऊन उन्हात धरला आणि सांध्यावर बोटाचं नख फिरवलं. केसाएवढी रेघ होती आणि रेघेत काळं कीट होतं. सांधा वरून जुळला होता, आत जुळलाच नव्हता. लोखंड पुरतं तापलं नाही की असं होतं. किंवा तापवणाऱ्याला तसंच हवं असलं की.

नवरा ओसरीवर बसून दोर वळत होता. तिनं त्याला सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"खांद्यावर घेतला तवाच." त्यानं वळणं थांबवलं नाही. "दाभोळला दुसरा घेऊ."

"आनि दाभोळपातुर?"

"वारा भला असला तर काम न्हाई पडायचं त्याचं."

"आनि नसला तर?"

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. ही त्याची रीत ती ओळखून होती. आजवर त्यानं खाल्लेल्या प्रत्येक टोमण्यातला अर्धा तिनं खाल्ला होता. पण टोमण्यानं माणूस बुडत नाही. हा माणूस भांडण नको म्हणून तिला फुटक्या सांध्याच्या भरवशावर समुद्रात न्यायला निघाला होता. ती त्याच्यावर इतकी चिडली की कुशाबावर चिडायला मागे काही राहिलं नाही, आणि त्यामुळंच तिचं डोकं थंड राहिलं. कुशाबाला घरी गाठून उपयोग नव्हता. तो कानावर हात ठेवणार, तुम्हाला लोखंडातलं काय कळतं म्हणणार. जे काय व्हायचं ते त्याच्या भट्टीपाशी, त्याच्याच माणसांच्या देखत व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं जमल्यावर ती तिथं गेली. नांगर तिनं डोक्यावर चुंबळ ठेवून नेला. थोरला दीर बसला असताना बाईनं तिथं जाऊन बोलणं हे गावात कुणी केलं नव्हतं, म्हणून ती यायच्या आधीच बोलणं थांबलं होतं. तिनं नांगर ऐरणीपाशी उतरवला, भिवाजीकडे पाठ केली आणि कुशाबाला म्हणाली,

"कुशादादा, नांगर झ्याक झालाय. आता रीतीचं तेवडं करा."

"कसली रीत, वैनी?"

"नव्या नांगराचा पहिला तास लोहारानं धरायचा असतुया. इसरलात व्हय?"

जुन्या गावाची ती रीत होती. ज्यानं फाळ घडवला त्यानं स्वतः नांगराचं रुमणं धरून पहिला तास काढायचा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. फाळ वाकला तर सगळ्या शिवारादेखत वाकायचा. कुशाबाचा बाप ते करत आलेला बसलेल्यांतल्या म्हाताऱ्यांनी बघितलं होतं.

"ती रीत शेताच्या नांगराची," कुशाबा म्हणाला.

"तुमीच इचारलं की शेत कुटं हाय. तळाला हाय. तितंच धरा." ती थांबली. "उद्याच्याला दुपारी वारा सुटला की नाव काढतील हे. तुमी नांगर सोडायचा. का भ्या वाटतंय?"

कुणीतरी खाकरलं. कुशाबानं भिवाजीकडे बघितलं. भिवाजी आपल्या चंचीकडे बघत होता. त्या दिवशीच्या थट्टेत तो पुढे होता, आज तो लोहाराला सोडवायला पुढे येणार नव्हता. एवढं कुशाबाला त्या एका नजरेत कळलं असावं, कारण तो म्हणाला, "भ्या कशाचं? येतो की."

घरी आल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा ती भांडायच्या तयारीत होती. हैबतरावानं वळलेला दोर हातावर गुंडाळला, खिळ्याला अडकवला आणि एवढंच विचारलं, "त्याला पोहता येतं?"

"न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताम्हिणीकडून वारा उतरला आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. काठावर निम्मं गाव जमलं होतं. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलं होतं, चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि लोक त्याच्या वरच्या कडेला उभे होते. त्या चिखलात पाय घालायची त्यांची तयारी नसायची. कुशाबा धोतर वर खोचून नावेत चढला आणि मधल्या फळीवर दोन्ही हात टेकून बसला. नाव डुलली तसा त्याचा चेहरा बदलला. तुळजाबाई आधीच आत बसली होती. हैबतरावानं शीड चढवलं. लाल कापड वाऱ्यानं फुगलं आणि काठावरची माणसं बघता बघता लहान झाली.

जुन्या शिवाराच्या वर आल्यावर हैबतरावानं शीड उतरवलं. वारा पश्चिमेचा होता आणि नाव पूर्वेच्या काठाकडे ओढली जात होती. तिथं डोंगराची सोंड पाण्यात उतरली होती आणि काळे खडक उघडे पडले होते. खडकांवर पाणी फुटत होतं ते इथूनही दिसत होतं.

"हितं आपली काळी," हैबतराव म्हणाला. "सोड."

कुशाबा उठला. नांगर त्यानं दोन्ही हातांनी उचलला, पुढच्या टोकाला नाळेपाशी गेला, गुडघे टेकले आणि तसाच राहिला.

"सोड की."

"सोडतो."

त्यानं सोडला नाही. नाव आडवी झाली आणि लाटा बाजूनं आपटू लागल्या. त्याच्या पाठीवर पाणी उडालं. तुळजाबाई डोलकाठीला धरून बसली होती. वल्ही आपल्या जागी होती, हैबतरावाच्या हाताशी. तो वल्ह्यांना हात लावत नव्हता. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो खडकांकडे बघत होता, अंतर मोजणाऱ्या माणसासारखा, आणि हा चेहरा तिनं इतक्या वर्षांत घरात कधी बघितला नव्हता.

"वल्ही घ्या," कुशाबा म्हणाला.

"वल्ही कशाला?" ती म्हणाली. "नांगर हाय की."

"वैनी, ह्यो धरायचा न्हाई."

"का?"

वाऱ्यात त्याचं उत्तर ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तो वळला. नांगर अजून त्याच्या छातीशी होता.

"सांधा कच्चा हाय. मीच सोडलाय कच्चा. झालं? आता घ्या वल्ही."

हैबतरावानं वल्ही घेतली. पहिले काही हात मारताना त्याचा तोल गेला, मग नाव वळली. खडक इतके जवळ होते की त्यांवरचं शेवाळ दिसत होतं. ते हळूहळू मागे पडू लागले. मग कुशाबा बोलू लागला, आणि आता त्याचा आवाज भ्यायलेला नव्हता.

"तुमी ह्या पान्यावर भाकरी खाल्ली. माज्या ऐरणीवर गंज चढला. बाप मेला तवा घरात नवा फाळ न्हवता त्याच्या उशाला ठेवाया."

"पानी मी न्हाई आनलं," हैबतराव म्हणाला.

"न्हाई आनलं. पर हसत हसत वल्हं मारलंस."

"हसताना कुनी बघितलं मला?"

"त्या दिशी हसलास की भट्टीवर. तुज्याच थट्टेला."

हैबतरावानं वल्हं जोरात ओढलं. कुशाबा खरं बोलत होता, हे तुळजाबाईलाही कळत होतं. पण त्या खरेपणानं सांधा पक्का होणार नव्हता.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "नांगर पुन्हा घडवा. माज्यासमोर."

"न्हाई घडवला तर?"

"तर काठावर निम्मं गाव उभं हाय. आत्ता जे बोललात ते त्यांच्या म्होरं बोला."

नाव चिखलाला लागली तेव्हा भिवाजी सगळ्यांत पुढे उभा होता. "काय लोहारा, धरला का?" त्यानं विचारलं. कुशाबा चिखलात उतरला. गुडघाभर रुतला, बाहेर आला, नांगर खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "दांडा आखूड पडतुया. पुन्यांदा तापवाया लागंल." मग त्यानं तुळजाबाईकडे बघितलं. ती शिडाची घडी घालत राहिली. खोटं तिचं नव्हतं, आणि तिला त्या खोट्याच्या बदल्यात पक्का सांधा मिळणार होता. भिवाजीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, तंबाखूची पिंक टाकली आणि तो वर निघून गेला.

भट्टीपाशी कुशाबाची बायको चंद्राबाई भात्यावर बसायची. झालं ते तिला आधीच कळलं होतं, किंवा नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं. तुळजाबाईला दारात बघून ती उठली. "हिच्यासाठी म्या भाता वढायचा? हात झडतील माजे," असं म्हणून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तुळजाबाई तिच्या जागेवर बसली. हैबतरावानं घण उचलला. दुसरं कुणी तो उचलणार नव्हतं.

कुशाबानं नांगर ऐरणीच्या कडेवर आडवा धरला आणि एकच घाव घातला. नखं आणि दांडा वेगळे झाले. आत सांध्याचं तोंड काळं होतं, मधे जेमतेम बोटभर जागा चमकत होती. एवढ्याच्या जिवावर ते दोघं आणि दाभोळचा एक अनोळखी खलाशी समुद्रात थांबणार होते. कुशाबानं ते तिला दाखवलं नाही आणि लपवलंही नाही. त्यानं दोन्ही तोंडं कानशीनं पांढरी होईपर्यंत घासली आणि निखाऱ्यात घातली.

"वढ," तो म्हणाला. आता वैनी नव्हतं, वढा नव्हतं.

ती भाता ओढू लागली. लोखंड लाल झालं, नारिंगी झालं, पिवळं झालं. तिचे खांदे भरून आले. तिनं हात थांबवला तसा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "म्या सांगितलं थांब म्हून?" ती पुन्हा ओढू लागली. मागे घण धरून उभ्या असलेल्या हैबतरावाचा श्वास तिला ऐकू येत होता. लोखंडातून पांढऱ्या ठिणग्या सुटायला लागल्या तेव्हा कुशाबानं त्यावर चिमूटभर वाळू टाकली. ती वितळून काचेसारखी पसरली. "थांब," तो म्हणाला, आणि त्याच दमात हैबतरावाला, "हाण."

घण पडला. सांध्यातून वितळलेलं कीट भुर्रकन बाहेर उडालं आणि तिच्या पदराला लागलं. तिनं ते हातानं झटकलं. कुशाबा चिमट्यात लोखंड फिरवत होता, छोट्या हातोडीनं कुठं मारायचं ते दाखवत होता, आणि हैबतराव तिथंच मारत होता. दोघांना एकमेकांचा वेग बिनचूक कळत होता. एकही घाव वाया गेला नाही. दोघांपैकी कुणी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुन्हा निखारे, पुन्हा भाता, पुन्हा घण. माणसं लांबून बघत होती, जवळ कुणी आलं नाही.

शेवटी कुशाबानं नांगर राखेत पुरला. निवायला वेळ लागला. तिघंही तिथंच बसून राहिले आणि कुणी पाणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. मग त्यानं तो राखेतून ओढून काढला, दोरानं छपराच्या वाशाला टांगला आणि तुळजाबाईपुढे हातोडी धरली.

तिनं सांध्यावर मारली. आवाज दांड्यात गेला, नखांत गेला आणि बराच वेळ राहिला. तिनं चारी बाजूंनी मारून बघितलं. चारी बाजूंनी तोच आवाज आला.

"बुडायचं तर बुडा," कुशाबा म्हणाला. "माज्या लोखंडापायी नगं. आनि पुन्यांदा हिकडं फिरकू नगा."

"न्हाई फिरकत," तुळजाबाई म्हणाली.

तिनं कड्यातून दोर ओवून घेतला. हैबतरावानं दांडा खांद्यावर टाकला, आणि नांगर अजून कोमट होता म्हणून अंगातला सदरा काढून मधे घडी घातली.